तबुकला बर्फ पडला होता

आमच्या घरात थापा मारणाऱ्याला कुणी खोटारडा म्हणत नसे. ‘हो हो, आणि तबुकला बर्फ पडला!’ एवढंच म्हणायचं, की समोरचा गप्प. पेपर सोपा गेला म्हणून सांगत आलेला आतेभाऊ असो, नाही तर पाच मिनिटांत येतो म्हणून तासाने उगवणारा काका असो, त्याचा निकाल या एका वाक्यात लागायचा. हे वाक्य माझं. नऊ वर्षांची असताना मी ते पहिल्यांदा फेकलं, सगळं घर पोट धरून हसलं, आणि पुढे कितीतरी वर्षं मला त्याचा अभिमान होता.

तबुक हे सौदी अरेबियाच्या पार उत्तरेचं, वाळवंटातलं शहर. माझे बाबा एसी मेकॅनिक. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ते तीन वर्षं तिथे नोकरीला होते. परत आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक टू-इन-वन, दोन मऊ ब्लँकेटं आणि एक गोष्ट आली. जानेवारीतल्या एका सकाळी म्हणे तबुकमध्ये बर्फ पडला. कामगारांच्या कॅम्पची छपरं पांढरी झाली, गाड्यांच्या टपांवर थर साचला, केरळचा आचारी लुंगीवरच बाहेर येऊन नाचायला लागला. आणि बाबांनी आपला जेवणाचा डबा बर्फाने गच्च भरून कॅम्पच्या फ्रीजरमध्ये ठेवला, आम्हाला दाखवायला पुण्याला आणायचा म्हणून. पुढे दोन दिवस वीज गेली आणि त्याचं पाणी झालं.

गोष्ट डब्यापर्यंत आली की घरात हसू फुटायचं. काका म्हणायचा, “दादा, तू एसीवाला. थर्मोस्टॅट जास्त फिरवला असशील.” आजोबा विचारायचे, डब्यात बर्फाबरोबर लोणचं होतं का. बाबा आधी हसण्यावारी न्यायचे, मग तापायचे. एकदा, सगळे जेवायला बसलेले असताना, ते आईकडे बोट दाखवून म्हणाले, “हिला विचारा. मी कॅसेटवर सांगितलं होतं हिला. त्याच दिवशी.”

तेव्हा आखातातली माणसं पत्रांऐवजी कॅसेट भरून पाठवायची. रजेवर येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून ती घरी पोचायची. कॅसेट आली की आम्ही सगळे शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या टेपरेकॉर्डरभोवती बसायचो. बाबा मानाप्रमाणे बोलायचे: आधी आजोबांशी, मग आजीशी, काकाशी, मग माझ्याशी. आईची पाळी सगळ्यांत शेवटी. ती आली की आजी स्वतः बटण बंद करायची आणि म्हणायची, “चला, उठा. पुढचं तिचं तिला ऐकू द्या.” आई मग दुपारी, सगळे झोपलेले असताना, आवाज बारीक करून आपलं ऐकायची.

तर बाबांनी आईकडे बोट दाखवलं, आणि सगळे हात ताटात थांबवून तिच्याकडे बघायला लागले. काका म्हणाला, “वहिनी, असेल तर आणा कॅसेट. होऊन जाऊ दे एकदाचं.” आई लाल झाली. खाली मान घालून म्हणाली, “मला नाही बाई नीट आठवत.” आणि आमटी आणायला आत गेली. आमटी तर पुढ्यातच होती. पण ते लक्षात घ्यायला तेव्हा कुणाला सवड होती? मी माझं वाक्य फेकलं ते त्याच दिवशी.

त्यानंतर बाबांनी बर्फाची गोष्ट सांगणं बंद केलं. वर्षभराने सोसायटीतल्या बायकांचं भजनी मंडळ निघालं, आई त्यात पुढे बसून गायची, आणि बाबांनी आणलेल्या टू-इन-वनवर मंडळाची भजनं भरली जायची. एक दिवस बाबांच्या हाताला ती तबुकची कॅसेट लागली. तिच्यावर आईच्या अक्षरात चिठ्ठी होती, ‘भजन, मंगळवार’. बाबांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि जागेवर ठेवून दिली. ते मी पाहिलं होतं. त्याचा अर्थ मला कळायला तेहतीस वर्षं लागली.

ही तेहतीस वर्षं एका उडीत ओलांडते, कारण बाकीचं कुणाच्याही घरात होतं तसंच झालं. मी इंजिनिअर झाले, लग्न करून सिंगापूरला आले, आणि आंग मो किओ भागातल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात क्वालिटी विभागात चिकटले. कुणी काही सांगितलं की ‘डेटा दाखव’ म्हणायचं, हे माझं पोटापाण्याचं काम. स्वभाव मुळात तसलाच, त्यात त्याचा पगार मिळायला लागला. आई गेली त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी मी पुण्याचं घर कुलूपबंद केलं आणि बाबांना माझ्याकडे, सिंगापुरातल्याच क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये घेऊन आले. येताना आईच्या भजनाच्या पाच कॅसेट बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून आणल्या. वाजवायला घरात काही नव्हतं. टाकवत नव्हत्या, एवढंच. इथल्या नव्या सरकारी फ्लॅटमध्ये जाड लोखंडी दाराची एक खोली असते, युद्ध झालं तर लपायला म्हणून बांधलेली. आम्ही सगळे तिला बॉम्ब शेल्टर म्हणतो आणि तिच्यात अडगळ ठेवतो. तो डबा तिथे गेला, सुटकेस आणि गणपतीच्या मखराच्या मध्ये.

बाबा इथे रुळत होते. ब्लॉकच्या खाली जी मोकळी जागा असते, व्हॉइड डेक, तिथे सकाळी एक चिनी अंकल बसलेले असायचे. वय ऐंशीच्या घरात, अंगात बिनबाह्यांचा बनियन, आणि शेजारी एक भलामोठा जुना कॅसेट प्लेअर, त्यावर चिनी संगीत नाटक लावलेलं. बाबा त्यांच्या शेजारी जाऊन बसायला लागले. दोघांत भाषा म्हणाल तर चार शब्दांची. अंकल म्हणायचे, “हॉट, आह?” बाबा म्हणायचे, “व्हेरी हॉट.” यावर त्यांचे दोन दोन तास आरामात जायचे.

मग त्या जानेवारीत बाबांच्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला. वाळवंट, त्यावर बर्फाची चादर, बर्फात उभे राहिलेले गोंधळलेले उंट, आणि मागे अरबीत आनंदाने ओरडणारी माणसं. सौदीच्या उत्तरेकडचा होता. बाबांनी तो ताबडतोब आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. शब्द एकही लिहिला नाही.

काकाचं पुण्याहून उत्तर आलं: “दादा, फोटोशॉप आहे.” आतेभावाने जरा अक्कल चालवली: “मामा, आता हवामान बदललंय, आता पडत असेल. म्हणून तेव्हा पडला असं नाही.” आणि मी काय केलं? मी एक हसरा चेहरा टाकला. मीटिंगमध्ये बसून, टेबलाखालून. आजही आठवलं की माझी मला लाज वाटते.

माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. तिने तो व्हिडिओ आजोबांच्या खांद्यावरून पाहिला आणि विचारलं, इथे तुम्ही राहायचात का. झालं. बाबांनी तिला सगळी गोष्ट सांगितली: छपरं, गाड्या, लुंगीवाला आचारी, डबा, वीज, पाणी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी ऑफिसातून आले तर दोघं सोफ्यावर बसलेले, आणि पोरगी विचारत होती, “देन द टिफिन हाउ?” बाबा दोन्ही हातांनी डब्याचा आकार दाखवत होते. तिने त्यांच्या एका शब्दावरही शंका घेतली नाही.

त्याच आठवड्यात तिच्या दप्तरातून शाळेचा कागद निघाला. आजी किंवा आजोबांच्या आयुष्यातली एक खरी गोष्ट वर्गाला सांगायची, सोबत त्या गोष्टीतली एखादी वस्तू न्यायची, आणि त्या दिवशी आजी-आजोबांनाही वर्गात बोलावलेलं. ‘खरी’ या शब्दाखाली रेघ होती. मार्क होते. आणि मार्क म्हटलं की इथे आम्ही सगळे आई-बाप किआसू होतो. आपलं पोर एका पावलाने मागे राहील या भीतीने झपाटलेल्याला इथे किआसू म्हणतात. मी तर त्यात पोळ्या लाटता लाटता तिच्या गणिताच्या चुका काढणारी.

“कुठली गोष्ट घेणारेस?” मी तव्याशी उभी राहून विचारलं.

“द स्नो वन.”

“ती नको. आजोबा सायकलवरून पुण्याहून महाबळेश्वरला गेले होते, ती घे. फोटोपण आहे.”

“सायकल सो बोरिंग लाह, आई.”

“आणि वस्तू काय नेशील? वितळलेला बर्फ?”

“बट आजोबा सॉ इट, व्हॉट!”

तेव्हा मी आवाज खाली आणला आणि इंग्रजीत म्हणाले, की बाळा, आजोबांचा बर्फ ही आपल्या घरातली एक गंमत आहे. तो खरा नाही. सगळ्यांना माहीत आहे. कागदावर खरी गोष्ट म्हटलंय.

बोलून मान वळवली तर बाबा दारात. हातात पाण्याची रिकामी बाटली. आपण इंग्रजीत बोललो म्हणजे त्यांना कळलं नाही, असं क्षणभर मला वाटलंसुद्धा. जो माणूस तीन वर्षं इंग्रज साहेबाच्या हाताखाली एसी दुरुस्त करत होता, त्याला! ते आत आले, बाटली भरली, आणि जाताना म्हणाले, “पोळी करपतेय.”

जेवताना त्यांनी सांगितलं, “आईचं वर्षश्राद्ध झालं की माझं तिकीट काढ. पुण्याला जातो.”

“कुणाकडे? घर बंद आहे.”

“उघडता येतं.”

“बाबा, एवढ्याशा गोष्टीवरून?”

“एवढ्याशा गोष्टीतसुद्धा माझा शब्द चालत नाही,” ते शांतपणे म्हणाले, “तर मोठ्या गोष्टींना कशाला थांबू?”

मला राग आला. चूक माझी असली की मला जास्तच येतो. “बरं, काढते!” म्हणाले आणि ताटं उचलली. नवरा त्या महिन्यात बँकेच्या कामासाठी परदेशी होता, नाही तर त्याने मध्यस्थी केली असती. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत मी विमान कंपनीचं पान उघडलं. बंद घरातल्या स्वयंपाकघरात एकट्याचा चहा टाकणारे बाबा डोळ्यांसमोर आले, आणि मी ते पान मिटून टाकलं. पण त्यांना तसं सांगितलं नाही. ते माझ्याशी बोलत होते, दूध संपलंय, पाऊस येईल, इतपत. मुलीने सायकलची गोष्ट लिहायला घेतली आणि चार ओळींवर ती अडून बसली.

वर्षश्राद्ध रविवारी होतं. माझ्या मनात आलं, त्या दिवशी आईचा आवाज घरात व्हावा. बाबांना तेवढं तरी द्यावं. शनिवारी संध्याकाळी मी खाली जाऊन अंकलना त्यांचा प्लेअर मागितला. ते म्हणाले, “कॅन, कॅन.” पण तो माझ्या हातात द्यायला काही तयार होईनात. रविवारी सकाळी, इस्त्रीचा शर्ट घालून, स्वतः प्लेअर कवटाळून ते वर आले. सोबत दोन संत्री, कारण चिनी नववर्ष तोंडावर होतं आणि रिकाम्या हाताने कुणाकडे जायचं नसतं.

आईच्या फोटोला हार घातला, नैवेद्य दाखवला, जेवायला अवकाश होता. मी बिस्किटांचा डबा आणला आणि हाताला आली ती कॅसेट काढली. ‘भजन, मंगळवार’. अंकलनी ती चष्म्याजवळ नेऊन पाहिली, तिच्या वरच्या कडेला बोट लावलं आणि म्हणाले, “दिस वन कॅनॉट रेकॉर्ड ओव्हर. समबडी ब्रेक ऑलरेडी.” कॅसेटच्या पाठीवर दोन छोटे तुकडे असतात, ते मोडून टाकले की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. ते मोडलेले होते. मी ‘हो का’ म्हणून सोडून दिलं.

माझ्या मुलीने कॅसेट वाजताना कधी पाहिली नव्हती. अंकलनी तिला समजावलं, की फीत संपली की हे बटण आपोआप वर उडी मारतं. “यू वेट. फिनिश ऑलरेडी, इट जंप.” ती प्लेअरसमोर मांडी घालून बसली, नाक बटणाला टेकवून.

टाळ वाजले, पेटी वाजली, आणि आईचा आवाज आला. किंचित नाकातला, पण सुरात पक्का. मी पदराने, म्हणजे ओढणीने, डोळे पुसत राहिले. बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. वीस-पंचवीस मिनिटं भजन चाललं. मग गजर झाला, आरती झाली, टाळ थांबले. मी बंद करायला हात पुढे केला. मुलीने माझं मनगट धरलं.

“वेट, आई! मस्ट जंप फर्स्ट!”

तेवढ्यात कॅसेटमध्ये बायकांची कुजबुज ऐकू आली. मंडळातली कुणीतरी म्हणाली, “अगं, अजून जागा आहे की फितीत. एक गौळण घेऊ या.”

आणि आई म्हणाली, “नको गं. पुढे ह्यांचं आहे. ते नाही पुसायचं मला.”

कट् असा आवाज झाला. थोडी खरखर. मग एक तरुण पुरुषाचा आवाज, घाईतला, धापा टाकणारा.

“हं, आता तुझं. ऐकतेस ना? बाकीच्यांचं कालच भरून ठेवलं होतं. कॅसेट नेणारा गडी तासाभरात निघतोय, तेवढ्यात सांगतो. अगं, आज इथे बर्फ पडला! देवाशपथ. उठलो तर आधी वाटलं कुणी थर्माकोल उडवतंय. गाड्यांच्या टपावर हा असा, दोन दोन बोटं थर आहे. आमचा आचारी बाहेर लुंगीवर नाचतोय, थांब, दार उघडतो, ऐक...”

दार उघडलं. वारा घोंगावला. पाच-सहा माणसं पाच-सहा भाषांत ओरडत होती आणि मोठमोठ्याने हसत होती.

“ऐकलंस? मी माझा डबा भरून फ्रीजरमध्ये ठेवलाय. येताना आणतो. पोरीला नुसतं सांगून पटायचं नाही, ती मोठी शंकेखोर आहे. तिच्या हातातच ठेवीन.” मग आवाज खाली आला. “माझी बोटं पार गार पडलीत गं. तुझे हात आठवले. तुझे हात थंडीतसुद्धा ऊन असतात...” एक खाकरणं. “असो. घरात सांगितलंस तर हसतील सगळे. हसू देत. तू खरं मान, म्हणजे झालं.”

खरखर. आणि बटणाने टक् करून उडी मारली.

“इट जंप!” मुलगी ओरडली. आणि लगेच, डोळे विस्फारून, “आजोबा! सो यू नॉट ब्लफिंग!”

मी उभीच होते. आईची सगळी गोष्ट माझ्यासमोर उलगडली. जेवणाच्या पंगतीत तिने ‘हो, मी ऐकलंय’ म्हटलं असतं, तर काकाने कॅसेट आणायला लावली असती. मग सासू-सासऱ्यांसमोर, दिरासमोर, तिच्या हातांची ऊब सगळ्यांनी ऐकली असती. त्या काळच्या त्या घरात ती मेली असती, पण हे होऊ दिलं नसतं. म्हणून तिने आठवत नाही म्हटलं. नंतर घरच्यांसाठीचा भाग भजनाने झाकला, वर मंगळवारची चिठ्ठी चिकटवली म्हणजे कुणी हात लावणार नाही, आणि तुकडे मोडून टाकले म्हणजे तिच्यानंतरही कुणाला पुसता येणार नाही. नवऱ्याला मात्र यातलं काही सांगितलं नाही. त्यांना कळलंच असेल असं तिला वाटलं असणार. आणि त्यांनी विचारलं नाही, कारण त्यांना वाटलं ती सगळ्यांच्या बाजूची.

बाबा खिडकीपासून उठून आले. “मागे घे,” ते म्हणाले.

अंकलनी फीत मागे घेतली. मी विचारलं, “बर्फापासून ना?”

“नाही. तिचं.”

पुढे ह्यांचं आहे. ते नाही पुसायचं मला. बाबांनी ते तीन वेळा ऐकलं. तिसऱ्या वेळी त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि ते हसत होते. “मी समजत होतो तिने माझ्यावर भजनं भरली,” ते म्हणाले. “तिने पुसलं नव्हतं. बघ, तिने पुसलंच नव्हतं.” अंकलना मराठीचं एक अक्षर कळलं नव्हतं. त्यांनी फोटोकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, विचारलं, “वाइफ?” बाबांनी मान हलवली. अंकलनी एक संत्रं सोलून त्यांच्या हातात ठेवलं.

“बाबा,” मी म्हणाले, “चुकलं माझं. नऊ वर्षांची होते तेव्हापासून चुकतंय.”

“तू शंकेखोर आहेस,” बाबा संत्र्याची फोड तोंडात टाकत म्हणाले, “हे मी तेव्हाच रेकॉर्ड करून ठेवलंय.”

त्यानंतर आमच्या फ्लॅटमध्ये जे चाललं होतं त्याला श्राद्धाचं जेवण म्हणायचं की वरात, सांगता येणार नाही. बाबांनी खीर दोनदा घेतली. मग स्वतः पुण्याला काकाला फोन लावला, स्पीकरवर टाकला, प्लेअरजवळ धरला. हातांचा भाग येण्याआधी बंद करायला मला डोळ्यांनी खुणावलं. तो भाग तिचा होता.

“दादा,” पलीकडून काका म्हणाला, “म्हणजे डब्याचंसुद्धा खरं?”

“डब्याचंसुद्धा.”

“थर्मोस्टॅटचा शब्द मागे घेतो.”

“लेखी दे,” बाबा म्हणाले. “ग्रुपवर.”

आणि काकाने दिला! पाठोपाठ आतेभावाचा नमस्कार आला, दोन चुलत बहिणींची फुलं आली. मीही लिहिलं, पूर्ण वाक्यात, मराठीत, की तबुकला बर्फ पडला होता आणि याचा पुरावा माझ्याकडे आहे. क्वालिटी विभागात इतक्या वर्षांत इतक्या आनंदाने मी कशावरही सही केलेली नव्हती.

शाळेत जायचा दिवस बुधवारचा होता. मी रजा टाकली. बाबांनी पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला आणि त्या दमट उन्हात त्याचं वरचं बटणसुद्धा लावलं. अंकल आम्हाला बसस्टॉपपर्यंत सोडायला आले, ते प्लेअरच्या काळजीने. उन्हात ठेवू नका, पंख्याजवळ ठेवू नका, बॅटऱ्या नव्या घातल्यात, असं खुणांनी सांगत. मुलीच्या एका हातात कॅसेट आणि दुसऱ्या हातात आमच्या स्वयंपाकघरातला स्टीलचा डबा होता. डबा तो नव्हता, पण आकार बाबांनी पसंत केला होता.

तीस-पस्तीस मुलं, त्यांतल्या एकानेही बर्फ पाहिलेला नव्हता. ज्या गावात पहाटेसुद्धा घाम येतो तिथली ती मुलं. मी शेवटच्या बाकावर बसले. मुलीने गोष्ट सांगितली, आणि मग म्हणाली की आता ती पुरावा ऐकवणार आहे. मला वाटलं ती बर्फापासून लावेल. तिने फीत बरोबर आजीच्या वाक्यावर आणून ठेवली होती. आईचा आवाज सिंगापूरच्या त्या वर्गात घुमला, आणि पोरीने भाषांतर केलं: माझी आजी म्हणतेय, इथे थांबा. यापुढे माझ्या नवऱ्याचा आवाज आहे, तो मला पुसायचा नाही. मग वारा, मग ओरडणारी माणसं. डब्याच्या उल्लेखाबरोबर तिने डबा वर धरला, आणि हातांच्या आधी कॅसेट बंद केली. ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. “अंकल, युअर वाइफ गेट द स्नो ऑर नॉट?”

बाबा उठून उभे राहिले. गळ्याशी बटण लावलेलं, पाठ ताठ, साहेबासमोर उभे राहायचे तसे.

“स्नो, नो,” ते म्हणाले. “स्नो मेल्टेड. बट माय न्यूज, शी गॉट. शी केप्ट.” आणि बसताना मागे वळून माझ्याकडे पाहिलं. एवढं मोठं मैदान मारलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

परतीच्या बसमध्ये प्लेअर त्यांच्या मांडीवर होता. मुलगी पलीकडच्या सीटवर खिडकीशी डबा वाजवत होती.

“बाबा, ते तिकीट,” मी म्हणाले. “मी काढलं नाही. काढते म्हणाले होते, पण काढलंच नाही.”

“माहीत होतं मला. तू म्हणालीस ‘काढते’, तेव्हाच मी मनात म्हटलं, हो हो, आणि तबुकला...”

ते मध्येच थांबले. आम्ही एकमेकांकडे पाहिलं, आणि बसमधले लोक वळून बघेपर्यंत दोघं हसत सुटलो. मग त्यांनी प्लेअर मांडीवर नीट सरळ केला.

“तू आता दुसरं काहीतरी शोध बाई,” बाबा म्हणाले. “हे खरं निघालं.”